एका ओहोटीपुरतं नेट

कुठल्याही नव्या गावात शिरलं की बाई पहिल्यांदा बस स्टॉप शोधायच्या. बसने कुठे जायचं असायचं म्हणून नव्हे, सात मीटर लांबीचं अख्खं घर त्या स्वतःच चालवत असायच्या. बस स्टॉपच्या शेडमध्ये शाळेतली पोरं बसलीयत का, आणि बसली असली तर त्यांच्या माना खाली आहेत का, एवढंच त्यांना बघायचं असायचं.

"पोरं जिथे मान खाली घालून बसतात ना, तिथे नेट असतं," त्या म्हणायच्या. "आणि एकमेकांशी बोलताना दिसली, तर गाडी पुढे घ्यायची. त्या गावात राम नाही."

बाई म्हणजे आमच्या कॉव्हेंट्रीच्या बाई. नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे, कारण आमच्यातल्या निम्म्याअधिक जणींना त्यांनी गाडी चालवायला शिकवली होती. मलासुद्धा. मी लग्न होऊन इथे इंग्लंडात आले तेव्हा मला स्वयंपाक येत होता, शिवण येत होतं आणि राउंडअबाउट बघितलं की रडू येत होतं. बाई शेजारी बसायच्या, त्यांच्या पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ब्रेक माझ्याकडेही आहे. पण ते तू विसरून जा." आणि खरं सांगते, तो त्यांनी दाबल्याचं मला आठवत नाही. एकदा मी दुधाच्या गाडीवर जवळजवळ चढलेच होते. तेव्हासुद्धा नाही. नुसतं म्हणाल्या, "दूध घ्यायचंय का त्याच्याकडून?"

त्यांचं दुसरं वाक्य मागून हॉर्न वाजवणाऱ्यांसाठी असायचं. आरशात त्या माणसाकडे बघत अगदी शांतपणे, मराठीत सांगायच्या, "बाबा रे, घाई असेल तर आधी निघायचं होतं."

यजमान गेल्यावर त्यांनी घर विकलं आणि मोटरहोम घेतलं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अडवणारं कोणी नव्हतं. आम्ही होतो, पण आमचं ऐकतंय कोण! मंडळाच्या गणपतीला त्या ते धूड घेऊन आल्या आणि हॉलच्या कार पार्कमध्ये तीन गाड्यांची जागा अडवून बसल्या. आमच्यातल्या एकीने नाक मुरडलं, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, दुसरं काय!"

बाई आरतीचं ताट हातात घेऊन म्हणाल्या, "बरंय की. विंचवाला शेजाऱ्याच्या कुंपणावरून भांडावं लागत नाही."

लोकांना घर विकल्याचं एवढं नवल नव्हतं, जेवढं लिपस्टिकचं होतं. त्याचं काय झालं, की आयुष्यभर ज्या बाईने कपाळाच्या टिकलीपलीकडे काही लावलं नाही, ती सत्तरीला टेकल्यावर सकाळी नऊ वाजता लालभडक लिपस्टिक लावून फिरायला लागली. शिवाय बोलताना तोंड असं मोठं उघडायच्या, जणू समोरचा डेंटिस्ट आहे. 'आ', 'ऊ', 'म' सगळं सुटं सुटं. मंडळात कुजबुज झाली. कोणी म्हणालं, मोटरहोमवाला कुणी गोरा मित्र भेटला असणार. मी विचारलं नाही. बाईंना काही विचारायचं म्हणजे चालत्या गाडीत रिव्हर्स गिअर टाकण्यासारखं.

पण त्यांच्या गाडीत मी चहाला जायचे, जेव्हा जेव्हा त्या आमच्या बाजूला असायच्या तेव्हा. आत ओटा, बिछाना, न्हाणी, सगळं हाताच्या अंतरावर. आणि छतावर, बाहेरून, एक पांढरं एरियल, माशाच्या काट्यासारखं. आत त्याची वायर, राउटर, त्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं. मी म्हटलं, "बाई, कॅम्पसाइटवर वाय-फाय असतं ना फुकट?"

"असतं. रिसेप्शनच्या दारात एका पायावर उभी राहिलीस तर असतं."

"मग फोनचंच नेट वापरायचं."

"अगं, हा पत्र्याचा डबा आहे. पत्र्यातून आत काही येत नाही. लोणच्याच्या बरणीला झाकण लावून आत हवा येत नाही म्हणून रडण्यातला प्रकार. कान बाहेर काढावे लागतात." आणि छताकडे बोट. ते एरियल म्हणजे गाडीचे कान.

एवढं सगळं असूनही त्यांचा मुक्काम कुठे असायचा, तर सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये, औद्योगिक वसाहतीच्या मागे, मोटरवेच्या कडेच्या थांब्यावर. लोक मोटरहोम घेतात आणि डोंगरदऱ्यांत जातात. बाई डोंगरदऱ्यांतून परत फिरून कचऱ्याच्या डब्यांशेजारी येऊन थांबायच्या, कारण तिथे रेंज. मला हसू यायचं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "बाई, एवढं सुंदर लेक डिस्ट्रिक्ट सोडून तुम्ही बटाट्याच्या गोदामामागे राहिलात?"

तेव्हा त्यांनी मला व्हिडिओ कॉलवर ताई दाखवल्या.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, यवतमाळची. एका लहान गावच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला त्यांनी. पुढे कान गेले, पार गेले. यंत्रं लावून बघितली, उपयोग नाही. पण मास्तरीणच ती, समोरच्याचे ओठ वाचायला आपली आपण शिकली. म्हणजे फोन कामाचा नाही. नुसता आवाज कामाचा नाही. चित्र हवं, तेही लख्ख. चित्र अडकलं की ताईंच्या कानात पुन्हा बोळे.

"मग ती लिपस्टिक..." मी म्हटलं.

"ओठ दिसायला नकोत का? गोऱ्यांचे ओठ वाचता येतात, आपले काळपट. तिनेच सांगितलं, लाल लाव." आणि मग डोळे बारीक करून, "तुम्हाला काय वाटलं?"

मी चहात साखर ढवळत बसले. त्यात साखर घातलेलीच नव्हती.

आणि दुसरी गोष्ट त्याच दिवशी कळली. ताईंचे आता डोळेही चालले होते. डोळ्यामागचा पडदा झिजत चाललेला, थांबणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मधोमध अंधार, कडेने उजेड, आणि उजेडाची ती किनार दर महिन्याला बारीक होत चाललेली. ओठ दिसेनासे झाले की संपलं. घर का विकलं, ते त्या दिवशी मला उमगलं. बाई ताईंना जग दाखवत होत्या, आहे तेवढ्या उजेडात. स्कॉटलंडला गेल्या, लेक डिस्ट्रिक्टला गेल्या. पण जिथे बघण्यासारखं काही असायचं तिथे नेट नसायचं, आणि जिथे नेट असायचं तिथे बघण्यासारखं काही नसायचं. त्यामुळे ताईंना प्रत्यक्ष दिसलं काय, तर कार पार्क.

मी समोर बसले असतानाच ताई म्हणाल्या होत्या, "काहून वं, तुह्या इंग्लंडात नुसत्या ट्रॉल्याच हायेत काय?"

बाई हसल्या. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या खिडकीतून ट्रॉल्यांच्या रांगेकडे बघत होत्या.

ताईंनी मागितलेली गोष्ट एकच होती. राजवाडा नको, लंडन ब्रिज नको. त्यांना भरती-ओहोटी बघायची होती. इतकी वर्षं फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली, पाण्याचा फुगवटा काढला, पण स्वतः बघितली नव्हती. समुद्र बघितला होता, मुंबईला, शाळेच्या सहलीत. "पण तासाभरात काय दिसते?" ताई म्हणायच्या. "पाणी दिसते. भरती-ओहोटी पाहाले सहा तास बसा लागते. सहलीची बस कुठी सहा तास थांबते?"

म्हणून बाईंना सहा तास न तुटणारं नेट हवं होतं, आणि समोर समुद्र. दोन्ही एका जागी. आमच्या बेटाला चहूकडून समुद्र आहे, पण हे दोन्ही एकत्र म्हणाल तर मिळता मिळेना.

मग एक दिवस मला फोन आला. "सापडलं. वेल्समध्ये. तू येतेयस. इन्शुरन्समध्ये तुझं नाव घातलंय."

विचारणं वगैरे नाहीच. गेले.

वाटेत त्यांचा एक विधी मी पहिल्यांदा बघितला. एखाद्या गावातल्या चर्चचं शिखर लांबून दिसलं की बाई स्टिअरिंगवरचा एक हात उचलून छातीशी नेत आणि नमस्कार करत. मी म्हटलं, बाई, बाटल्या की काय! तर म्हणाल्या, "अगं, कळसदर्शन. इथे बऱ्याच शिखरांत मोबाइलचा अँटेना लपवलेला असतो. लाकडी झडपांपैकी एक नवीकोरी दिसली की समजायचं, आत देव आहे." आपल्याकडे नाही का, देवळात जायला झालं नाही तर एसटीतूनच कळसाला हात जोडतात, तसं.

ते गाव खाडीच्या काठी होतं. दगडी चर्च, उंच शिखर, वर एक नवी झडप. तिथल्या व्हिकर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, एक तरतरीत बाई होत्या, चाळिशीच्या. बाईंनी त्यांच्यादेखत शिखराला नमस्कार केला आणि त्यांनी कारण विचारल्यावर सरळ सांगून टाकलं, की तुमच्या कळसात माझं नेट आहे. व्हिकरबाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "चला, निदान कोणीतरी वर बघतंय!" आणि चर्चच्या मागच्या आवारात, अगदी शिखराच्या भिंतीला लागून, आम्हाला गाडी लावू दिली. दोन पावलांवर समुद्र. बाई अशा खूश, की संध्याकाळी त्यांनी राउटर सुरूसुद्धा करून बघितला नाही.

"बघून ठेवूया ना," मी म्हटलं.

"कळसाच्या पायाशी बसलोय. आता बघायचं काय राहिलं?"

सकाळी पूर्ण भरती होती. पाणी बांधापर्यंत आलेलं, काठोकाठ, हलत नव्हतं. बाईंनी लिपस्टिक लावली, टॅबलेट खिडकीत बसवला, फोन लावला. तिकडे यवतमाळला सूनबाईंनी ताईंना उशीला टेकवून बसवलं होतं. आणि चित्र आलं ते तुकड्यातुकड्यांत. ताईंचं कपाळ वर, हनुवटी भलतीकडे, मधे राखाडी चौकोन. मग तेही थिजलं.

"तुहे ओठ दिसून नाही राहिले," ताईंचा आवाज तेवढा आला.

बाईंनी दुसरं सिम लावलं, राउटर बंद-चालू केला. शेवटी शिडी लावून त्या छतावर चढल्या. सत्तरीच्या बाई, लाल ओठ, अंगात फुलाफुलांचा गाऊन, आणि हातात तो माशाचा काटा. मी खाली शिडी धरून. "उतरा हो बाई, पडाल!"

"डावीकडे वळवू का उजवीकडे? तू खालून कळस बघून सांग!"

मी मान वर केली. दगडी भिंत, वर दगडी भिंत, त्याच्यावर आभाळ. "अहो, इथून मला कळस दिसतच नाही!" मी ओरडले. आणि मग तोंडातून आपोआप निघालं, "देवळाच्या भिंतीला नाक लावून कळस दिसतो का कधी कोणाला?"

छतावरच बाई हळूच खाली बसल्या. मग म्हणाल्या, "दिव्याखाली अंधार. आणि मी दिव्यालाच टेकून बसले." शिखरातले अँटेना रेंज लांब फेकतात, पायाशी फारसं काही पडत नाही. हे त्यांना माहीत होतं. नेटाची एवढी यातायात केलेली बाई ती! पण कळसाच्या पायाशी आलं की माणसाला वाटतंच, आता पोचलो.

खाली उतरल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. "समोरच्या टेकाडावर रस्ता दिसतोय ना, तिथे. तू चालव. मी फोन धरते. तिच्या सुनेला सांगायला हवं, आम्ही येतोय म्हणून."

"मी? हे धूड?"

"पाणी निघालं," बाई म्हणाल्या.

खरंच निघालं होतं. बांधाच्या खाली शेवाळाची एक ओली पट्टी उघडी पडली होती.

तो रस्ता असा अरुंद, की दोन्ही बाजूंची झुडपं खिडक्यांना घासत होती. पुढे एक ट्रॅक्टर, रमतगमत. मी म्हटलं, "बाई, हॉर्न वाजवू?" बाई सवयीने म्हणायला लागल्या, "घाई असेल तर..." आणि तिथेच थांबल्या. ते वाक्य अर्धं सोडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग एक वळण आलं, समोरून कुरिअरची व्हॅन. मी घाबरून खाली बघितलं, तर बाईंचा उजवा पाय जमिनीत रुतवल्यासारखा दाबलेला. तिथे ब्रेक नव्हता. नुसती चटई होती. आणि चेहरा मात्र तसाच, दूध घ्यायचंय का विचारणारा. मला इतकं हसू फुटलं, की त्या हसण्यातच व्हॅन निघून गेली.

टेकाडावर रस्त्याच्या कडेला थांबायला जागा होती. समोर सगळी खाडी पसरलेली आणि पलीकडे, लांब, चर्चचं शिखर बोटाएवढं. बाईंनी एरियल तिकडे वळवलं. राउटरचे सगळे दिवे हिरवे. ताई पडद्यावर आल्या, अख्ख्या, नथीच्या भोकासकट.

"सुरुवात चुकली काय?" ताईंनी विचारलं.

"थोडी."

"चालते. पोरंही तास सुरू झाल्यावरच येत."

आणि मग आम्ही बसलो. टॅबलेट खिडकीत समुद्राकडे तोंड करून. तिकडे ताईंनी सूनबाईंना त्यांच्याकडचा टॅबलेट डोळ्यांच्या कोपऱ्याशी तिरका धरायला लावला होता, कारण मधोमध काहीच दिसत नव्हतं. अधूनमधून बाई त्याच्यापुढे येऊन बोलायच्या आणि बाजूला व्हायच्या. एकदा मीही पुढे वाकले, तेव्हा ताईंचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"ते कोण वं? तिले विचार, भरती-ओहोटी कशानं होते."

"चंद्रामुळे," मी म्हटलं.

"आणिक?"

"आणि... सूर्यामुळे पण, थोडी."

"तोंड इकडं कर! काय बोलून राहिली ते दिसून नाही राहिलं!"

बाईंनी पर्समधून लिपस्टिक काढली, माझी हनुवटी धरली आणि माझे ओठ रंगवले. मी उत्तर परत दिलं. ताई म्हणाल्या, "बरोबर. जा, तिसऱ्या बाकावर बस." इतकं बरं वाटलं मला, की काय सांगू!

पाणी जात होतं. जाताना दिसत नाही हो ते. एकटक बघितलं तर काहीच होत नाही, आणि कांदा चिरून पुन्हा बघावं तर एक खडक नवा वर आलेला. वाळू उघडी पडली, मग चिखल, चिखलात पक्षी. खाडीच्या मधोमध खोल पाण्याचा एक पट्टा तेवढा उरला, त्यात एक निळी होडी साखळीला बांधलेली. ताईंनी चहा घेतला, तिकडे संध्याकाळ झाली, सूनबाईंनी दिवा लावला. नेट एकदाही तुटलं नाही.

आता गंमत बघा. ज्यासाठी एवढा आटापिटा, ते ओहोटीचं वळण, ते आमच्या दोघींच्या नजरेतून निसटलं. आम्ही पोहे कुणाचे चांगले, कोकणातले की घाटावरचे, यावर वाद घालत होतो. तेवढ्यात टॅबलेटमधून ताईंचा आवाज आला. मोठा नाही, वर्गात बोलतात तसा.

"होडी फिरली पाह्य."

आम्ही बघितलं. निळी होडी सकाळपासून जिकडे तोंड करून उभी होती, त्याच्या उलटीकडे हळूहळू तोंड वळवत होती. कोणी तिला हात लावला नव्हता. पाणी वळलं होतं, एवढंच. आम्ही दोघी तिथे हजर, डोळे शाबूत, चष्मे पुसलेले. आणि बघितलं कोणी, तर यवतमाळच्या खोलीतून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, ताईंनी.

"आता भरती," ताई म्हणाल्या. आणि जराशाने, "सुटली शाळा. आता ठेवा."

पुढच्या हिवाळ्यात बाईंनी गाडी विकली आणि यवतमाळला गेल्या. जाताना तो राउटर मला देऊन गेल्या. माझ्या खिडकीत आहे, दोन्ही सिमांसकट बंद. टाकवत नाही.

मध्ये त्यांचा व्हिडिओ कॉल आला. चित्र इतकं स्वच्छ, की त्यांच्या मागच्या कॅलेंडरवरची तिथी वाचता यावी. मी म्हटलं, "बाई, काय नेट आहे हो तुमच्याकडे!"

"इथे भिंतीतून येतं गं. पाहिजे तेवढं." त्या हसल्या. "आणि मला लागत नाही."

तेव्हा माझं लक्ष गेलं. त्यांनी लिपस्टिक लावलेली नव्हती.

बाईंनी फोन बाजूला टेकवून ठेवला आणि पलंगाच्या कडेला जाऊन बसल्या, म्हणजे मला दोघी दिसल्या. ताई डोळे मिटून पडल्या होत्या. बाईंनी त्यांच्या तळव्यावर बोटाने काहीतरी लिहिलं. माझं नाव असावं, कारण ताई म्हणाल्या, "ते तिसऱ्या बाकावरची?" मग त्यांनी बाही वर सारली आणि हात पुढे केला, रोजचं असल्यासारखा. बाईंनी आपला पंजा त्यांच्या कोपराशी ठेवला आणि मनगटाकडे सरकवायला लागल्या. इतका सावकाश, की सरकतोय हे बघून कळू नये.

पंजा मनगटाशी पोचला. बाई तो उलटा वर नेणार, तेवढ्यात ताईंनी दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला.

"थांब न," ताई म्हणाल्या. "होडी फिरू दे."